लहान गाडीला पातळ सिंथेटिक ऑइल: नागपूरच्या उन्हाळ्यात चालेल का?

नागपुरात मार्च संपत आला की गाड्यांच्या सर्व्हिसिंगची गर्दी वाढते आणि त्याबरोबर एक प्रश्न हमखास विचारला जातो. नव्या लहान गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे ऑइल लिहिलेले असते, डब्यातून ते जवळजवळ पाण्यासारखे ओतले जाते, आणि ते पाहून शेजारी, नातेवाईक किंवा वर्षानुवर्षांचा ओळखीचा मेकॅनिक सांगतो की एवढे पातळ ऑइल थंड देशांसाठी असते, आपल्याकडच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ते टिकणार नाही, त्यापेक्षा २०डब्ल्यू-४० टाका. हा सल्ला ज्या अनुभवातून येतो तो खोटा नाही. ज्या पिढीने जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या जाड ऑइलवर लाखलाख किलोमीटर चालवल्या, तिने जाड ऑइलने इंजिन शांत चालते हे प्रत्यक्ष पाहिले आहे. तरीही आजच्या गाडीसाठी हा सल्ला चुकीचा ठरतो, आणि तो का चुकीचा ठरतो हे समजून घेण्यासाठी बाहेरच्या हवेचे तापमान आणि इंजिनाच्या आतले तापमान या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

प्रथम डब्यावरच्या आकड्यांकडे पाहू. हे आकडे अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘जे३००’ या मानकातून येतात. ०डब्ल्यू-२० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी आहे आणि त्याच्या आधीचा आकडा थंड ऑइल किती सहज हलते हे सांगतो. शून्य श्रेणीच्या ऑइलची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, पाच श्रेणीची उणे ३० अंशांना, तर वीस श्रेणीची उणे १५ अंशांना. दुसरा आकडा ऑइल पूर्ण तापल्यावर किती दाट राहते हे सांगतो आणि त्याचे मोजमाप १०० अंशांना होते. २० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे त्याचा दाटपणा, त्या तापमानाला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या (हे दाटपणाचे एकक) दरम्यान असावा लागतो, ३० ग्रेडसाठी ९.३ ते १२.५ आणि ४० ग्रेडसाठी १२.५ ते १६.३. नागपूरच्या रस्त्यावर उणे ३५ अंशांचा प्रश्न कधीच येणार नाही, त्यामुळे पहिला आकडा आपल्याला निरर्थक आहे असे अनेकांना वाटते. पण उणे तापमानाची चाचणी हा त्या ऑइलचा स्वभाव ओळखण्याचा एक मार्ग आहे, आणि तो स्वभाव दहा अंशांवरही दिसतो व चाळीस अंशांवरही दिसतो.

काकवी थंडीत बरणीतून निघत नाही आणि किंचित तापवली की धारेने पडते. ऑइलचेही तसेच आहे, आणि किती ते आकड्यांत पाहिलेले बरे. बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण ०डब्ल्यू-२० सिंथेटिक ऑइलची व्हिस्कॉसिटी १०० अंशांना साधारण आठ सेंटिस्टोक असते आणि ४० अंशांना साधारण ४५. सर्वसाधारण २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइलची १०० अंशांना साधारण साडेचौदा आणि ४० अंशांना १३० च्या आसपास. आता मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी सीताबर्डीत झाडाखाली लावलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. तिच्या चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यातले, ऑइल सुमारे ४० अंशांवर असेल. ज्या इंजिनाची रचना आठ सेंटिस्टोकच्या ऑइलसाठी झाली आहे, त्याला त्या क्षणी मिळणारे ०डब्ल्यू-२० हे अपेक्षेपेक्षा साडेपाचपट दाट असते आणि २०डब्ल्यू-४० भरले असेल तर ते सोळापट दाट असते. याचा अर्थ असा की आपल्याला भाजून काढणारी नागपूरची मे महिन्यातली दुपारसुद्धा इंजिनाच्या दृष्टीने थंडच असते. डिसेंबरमध्ये पहाटे पारा दहा अंशांवर उतरतो तेव्हा हेच अंतर फार वाढते. वरील आकड्यांवरून हिशेब केल्यास ०डब्ल्यू-२० साधारण १९० सेंटिस्टोकवर जाते आणि २०डब्ल्यू-४० नऊशेच्या घरात. आपल्या शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे.

इंजिन सुरू होते त्या पहिल्या काही सेकंदांत ऑइल पंपाने चेंबरमधून ते उचलून, फिल्टरमधून ढकलून, क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवायचे असते. ते पोहोचेपर्यंत धातूचे भाग आदल्या दिवशी मागे राहिलेल्या पातळ थरावर चालतात. इंजिनाच्या झिजेचा मोठा वाटा या सुरू होण्याच्या आणि तापण्याच्या काळात पडतो. ज्यांची गाडी दिवसातून चार वेळा धरमपेठ ते सीताबर्डी एवढीच फिरते, त्यांच्या इंजिनाचे निम्मे आयुष्य या अर्धवट तापलेल्या अवस्थेत जाते, आणि म्हणूनच पातळ ऑइलचा खरा फायदा अशाच गाड्यांना होतो.

आता उलट बाजू पाहू: गाडी पूर्ण तापल्यावर नागपूरचा उन्हाळा ऑइलला आणखी किती तापवतो? प्रत्येक गाडीत थर्मोस्टॅट असतो. तो कूलंटचे तापमान साधारण ऐंशीच्या वर आणि शंभरच्या खाली राखतो, आणि गरज पडली की रेडिएटरचा पंखा त्याला मदत करतो. बाहेर ३० अंश असोत की ४५, कूलिंगची व्यवस्था धडधाकट असेल तर कूलंटचे तापमान जवळपास तेच राहते. ऑइलचे तापमान त्याच्या मागोमाग चालते. शहरात ते साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपास असते आणि महामार्गावर सतत वेगात चालल्यास त्याहून वर जाते. बाहेरची हवा पंधरा अंशांनी तापली म्हणून चेंबरमधले ऑइल पंधरा अंशांनी तापत नाही. आणि समजा काही अंशांनी तापलेच, तर तेवढ्याने बिघडते का? ०डब्ल्यू-२० आणि २०डब्ल्यू-४० यांच्या दाटपणातला फरक तापमानाच्या भाषेत मांडला तर तो सुमारे २५ अंशांचा आहे: ०डब्ल्यू-२० जेवढे दाट ७५ अंशांना असते, तेवढे २०डब्ल्यू-४० हे १०० अंशांना असते. एवढा मोठा फरक भरून काढावा लागेल इतकी उष्णता उन्हाळ्याच्या हवेमुळे निरोगी इंजिनात येत नाही. ज्या गाडीचा रेडिएटर मातीने बुजला आहे, पंखा मध्येच बंद पडतो आहे किंवा कूलंटच्या जागी नळाचे पाणी भरले आहे, तिथे ती येऊ शकते. पण तिथे दुरुस्ती कूलिंगची व्हायला हवी. तापणाऱ्या इंजिनावर जाड ऑइल हा उपाय नाही, तो आजार झाकण्याचा प्रकार आहे.

पातळ ऑइलचा थर तुटेल ही भीती वेगळी आहे आणि तिचे उत्तरही वेगळे द्यावे लागते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. शाफ्ट फिरू लागला की तो ऑइलला त्या निमुळत्या फटीत ओढून घेतो, तिथे दाब तयार होतो आणि शाफ्ट ऑइलवर तरंगतो. हा थर टिकतो तो ऑइलचा दाटपणा, शाफ्टचा वेग आणि त्यावरचा भार या तिन्हींच्या मेळावर. म्हणूनच ऑइलची आणखी एक चाचणी १५० अंशांना आणि अतिशय वेगवान घासणीखाली होते, आणि तिचा किमान आकडा २० ग्रेडसाठी २.६, ३० ग्रेडसाठी २.९, ०डब्ल्यू-४० व ५डब्ल्यू-४० साठी ३.५ आणि १५डब्ल्यू-४० व २०डब्ल्यू-४० साठी ३.७ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचेच दुसरे एकक) असा ठरवून दिलेला आहे. १६ ग्रेडसाठी तो २.३ आहे. पातळ ऑइलचा राखीव थर कमी असतो, हे यातून स्पष्ट दिसते आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण ज्या इंजिनासाठी कंपनीने पातळ ऑइल सांगितले आहे, त्याच्या बेअरिंगची रुंदी, फटीचे माप, पृष्ठभागाची सफाई, पिस्टन रिंगांचा ताण आणि ऑइल पंपाची क्षमता या सगळ्या गोष्टी त्या ऑइलला धरून बसवलेल्या असतात. जाड ऑइल त्या इंजिनाला जास्तीचे संरक्षण देते असे सरसकट म्हणता येत नाही, कारण ऑइलचे दुसरे तितकेच महत्त्वाचे काम उष्णता वाहून नेण्याचे आहे, आणि अरुंद वाटांतून जाड ऑइल कमी वाहते. पंपाचा दाब मर्यादेपलीकडे गेला की त्याची झडप उघडते आणि पंपाने उचललेले काही ऑइल वर न जाता तसेच मागे फिरते. इंजिन शांत वाटते, प्रेशर चांगले दिसते, पण प्रवाह कमी झालेला असतो.

आजच्या लहान पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा असते, जिला आपण जाहिरातीत व्हीव्हीटी या नावाने वाचतो. ती ऑइलच्याच दाबावर, सुईएवढ्या बारीक वाटांतून चालते. ऑइल ठरल्यापेक्षा दाट असेल तर ती उशिरा प्रतिसाद देते. पिकअप मंदावतो, कधी डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि मग सेन्सर बदलण्यात पैसे जातात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कंपन्या पातळ ऑइलकडे वळल्या त्यामागे इंधनबचत हे मोठे कारण आहे. भारतात प्रवासी वाहनांसाठी सरासरी इंधनवापराचे, म्हणजे ‘कॅफे’चे निकष २०१७-१८ पासून लागू झाले आणि २०२२-२३ पासून ते अधिक कडक झाले, कंपन्यांना प्रत्येक टक्क्याचा हिशेब द्यावा लागतो आणि पातळ ऑइलमुळे मिळणारा फायदा साधारण एक ते तीन टक्क्यांचा असतो. गाडीच्या मालकाला तो ॲव्हरेजमध्ये जाणवेलच असे नाही. टीकाकार म्हणतात की हा फायदा कंपनीचा आहे आणि जोखीम ग्राहकाची. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. कारण काहीही असो, होंडा, टोयोटा आणि मारुती यांनी आपल्या अनेक पेट्रोल इंजिनांसाठी ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगितले आहे ते इंजिनांची त्यावर चाचणी घेऊनच, आणि वॉरंटीही त्याच अटीवर दिलेली असते.

याच कारणासाठी पुस्तिकेतले ऑइलचे पान पूर्ण वाचावे. बहुतेक पुस्तिकांत एक पसंतीचा ग्रेड ठळकपणे दिलेला असतो आणि त्याखाली बाहेरच्या तापमानानुसार चालणारे पर्यायी ग्रेड तक्त्यात असतात. ०डब्ल्यू-२० च्या शेजारी ५डब्ल्यू-३० ला परवानगी असेल, तर त्या परवानगीचा उपयोग कोणी करावा हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. माझे मत असे: ज्यांचे बहुतेक चालवणे शहरातले आहे त्यांनी पसंतीचा पातळ ग्रेडच भरावा. ज्यांना दर आठवड्याला पाच जण, भरलेली डिकी आणि पूर्ण एसी घेऊन समृद्धी महामार्गावर तासन्‌तास जावे लागते, त्यांनी उन्हाळ्यात ऑइल बदलताना पुस्तिकेत मान्य असलेले ५डब्ल्यू-३० निवडणे समंजसपणाचे आहे. या महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हजार-बाराशे सीसीचे इंजिन त्या वेगाला सतत चढ्या फेऱ्यांवर असते, ऑइल ११० ते १२० अंशांपर्यंत जाऊ शकते आणि शहरातल्या गाडीला असतो तसा सिग्नलवरचा विसावा त्याला मिळत नाही. वेग १०० वर ठेवला तर इंजिनावरचा भार बराच उतरतो, आणि ऑइलच्या ग्रेडपेक्षा त्याचा फायदा मोठा असतो. मात्र ०डब्ल्यू-१६ सांगितलेल्या इंजिनात थेट २०डब्ल्यू-४० भरणे ही गोष्ट या समंजसपणात बसत नाही.

उलट दिशेची चूकही होते. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० लिहिलेल्या जुन्या गाडीत केवळ नवे आणि महाग म्हणून ०डब्ल्यू-२० भरू नये. त्या इंजिनाच्या फटी, पंप आणि सील वेगळ्या मापाचे असतात, आणि वयामुळे ते आणखी सैल झालेले असतात. रिंगा झिजून ऑइल जळणाऱ्या गाडीला पुस्तिकेने मान्य केलेल्या पर्यायांतला जाड ग्रेड काही काळ आधार देतो, पण इंजिनाचे काम त्याने टळत नाही. डिझेल गाडी असेल, विशेषतः बीएस-६ आणि धुराच्या मार्गात फिल्टर असलेली, तर इथला ग्रेडचा विचार पुरेसा नाही. त्या फिल्टरसाठी कमी राख सोडणारे वेगळ्या वर्गाचे ऑइल लागते आणि पेट्रोलचे ऑइल त्यात चालत नाही.

‘सिंथेटिक’ या शब्दाबद्दल ग्राहकाला फार थोडे सांगितले जाते. ऑइलचा मोठा भाग बेस ऑइलचा असतो आणि उरलेला रसायनांचा. बेस ऑइलचे पाच गट मानले जातात. पहिले दोन गट साधारण मिनरल म्हणून ओळखले जातात. तिसरा गटही कच्च्या तेलापासूनच येतो, पण हायड्रोजनच्या साह्याने त्याची रेणूरचना इतकी बदललेली असते की त्याचे वागणे पूर्णपणे वेगळे होते. चौथ्या गटातले पीएओ हे रासायनिक रीतीने बांधलेले असते आणि पाचव्यात एस्टरसारखे बाकीचे सगळे येतात. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे की नाही यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांत वाद झाला आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात-तपासणी मंडळाने तसे म्हणण्यास हरकत घेतली नाही. आज दुकानात ‘फुली सिंथेटिक’ म्हणून मिळणारे बरेचसे ऑइल या तिसऱ्या गटाचे असते, आणि लहान गाडीला ते पूर्ण पुरेसे आहे. ‘सेमी सिंथेटिक’ किंवा ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’ या शब्दांमागे सिंथेटिकचे प्रमाण किती, हे डब्यावरून कळत नाही.

शून्य श्रेणीचे पातळ ऑइल साध्या मिनरल बेसपासून नीट बनत नाही. मिनरल बेस एवढा पातळ केला तर तो तापल्यावर वाफ होऊन उडू लागतो आणि डिपस्टिकवरची पातळी उतरते. आजच्या मानकांत २५० अंशांना एक तास ठेवल्यावर जास्तीत जास्त १५ टक्के ऑइल उडालेले चालते. सिंथेटिक बेस पातळ असूनही कमी उडतो, उष्णतेत हळू काळवंडतो आणि गरम-थंड यांतला त्याच्या दाटपणाचा फरक स्वभावतःच कमी असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात सिंथेटिक घेण्याचे खरे कारण हे आहे.

डबा हातात घेतला की ग्रेडनंतर पाहायची गोष्ट म्हणजे एपीआय या अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने ठरवलेला वर्ग. पेट्रोल इंजिनांसाठी तो ‘एस’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढचे अक्षर जितके नंतरचे तितका वर्ग नवा: एसएन २०१० चा, एसपी मे २०२० चा, आणि एसक्यू मार्च २०२५ पासूनचा. नवा वर्ग जुन्या गाडीला चालतो, जुना वर्ग नव्या गाडीला चालेलच असे नाही. लहान टर्बो इंजिन असेल तर एसपीच्या खाली उतरू नये. अशा इंजिनात कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबला की कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि त्या धक्क्याने पिस्टनला तडा जाऊ शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या रसायनांचा त्यात हात असतो असे आढळले, आणि एसपी वर्गात त्यावरची चाचणी सक्तीची झाली. टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही याच वर्गात आली. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे सगळे लिहिलेले असते: वर्ग, ग्रेड, तयार झाल्याची तारीख आणि बॅच. ‘सुपर’, ‘टर्बो’, ‘अल्ट्रा’ हे दर्शनी भागावरचे मोठे शब्द कोणत्याही मानकात नसतात. पिंपातले सुटे ऑइल या गाड्यांत भरू नये, झाकणाची कडी आणि आतले सील स्वतःच्या डोळ्यांसमोर तोडून घ्यावे आणि रिकामा डबा मागे ठेवताना त्याला भोक पाडावे, कारण डुप्लिकेट माल अशाच डब्यांत भरला जातो.

बदल किती दिवसांनी करावा यावरही पुस्तिकाच प्रमाण आहे. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांसाठी ती दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते सांगते. पण तिच्याच पुढच्या पानावर ‘कठीण वापर’ असा, ऑइल लवकर बदलायला सांगणारा, वेगळा तक्ता असतो आणि त्यात धूळ, छोट्या फेऱ्या, सतत थांबणे-निघणे आणि तीव्र उष्णता यांचा उल्लेख असतो. नागपुरातल्या पुष्कळ गाड्या या तक्त्यात बसतात. छोट्या फेरीत ऑइल तापत नाही, त्यात उतरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि पेट्रोल मिसळले की आधीच पातळ असलेले ऑइल आणखी पातळ होते. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचे ऑइल म्हणूनच वर्ष संपताच बदलावे, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी कामठीकडे किंवा वर्धा रोडने अर्धा तास सलग चालवावी. बदलताना फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा घ्यावा. ऑइल काळे पडले याचा अर्थ ते संपले असा नाही; त्यातली रसायने काजळी धरून ठेवत आहेत एवढेच त्यावरून कळते.

शेवटी पातळी. लहान इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल मावते, त्यामुळे अर्धा लिटर कमी झाले तरी उरलेल्या ऑइलवर उष्णतेचा भार बराच वाढतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण खाली घालावी आणि मग वाचावी. खुणा दोन असतात. पातळी त्यांच्या मधल्या भागाच्या वर आणि वरच्या खुणेच्या आत असावी. वरच्या खुणेच्या पलीकडे भरले तर क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो आणि फेसाचा थर भार पेलत नाही. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी एकदा ही पाहणी करावी, त्याच ग्रेडचा अर्ध्या किंवा एका लिटरचा डबा डिकीत ठेवावा, आणि केव्हा किती भरले ते किलोमीटरच्या आकड्यासह बिलाच्या मागे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगला इंजिन ऑइल खाते आहे की नाही हे मेकॅनिकला त्या आकड्यांवरून सांगता येते.